गॅरेजमधला माळा: वजन स्लॅबला टांगू नका, जमिनीवर उतरवा

गॅरेजमध्ये माळा करायचाय म्हटलं की फॅब्रिकेटर आधी मान वर करून स्लॅबकडे बघतो. चार रॉड खाली सोडायचे, अँगलची चौकट लटकवायची, वर प्लाय टाकायचा, दोन दिवसांत काम हातावेगळं. खाली खांब येत नाहीत म्हणून गाडीवालाही खूश. पुण्यात बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या गॅरेजमध्ये असे लटकते माळे सर्रास दिसतात आणि बरेचसे वर्षानुवर्षं टिकतातही, कारण त्यांच्यावर रिकाम्या बॅगा आणि गणपतीचं मखर याखेरीज काही नसतं. खरी परीक्षा होते ती घरात रंगकाम निघतं आणि पुस्तकांची वीस खोकी, जुना कूलर, टाइल्सचे उरलेले बॉक्स असं सगळं एकाच दुपारी वर चढतं तेव्हा.

आधी आकडे बघू. घरातल्या खोल्यांच्या जमिनीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचं वजन धरतात. ज्या गच्चीवर माणसं जाऊ शकतात तिला १५० किलो. गॅरेजच्या डोक्यावर गच्ची असेल तर तो स्लॅब एवढ्याच हिशेबाने केलेला असतो. त्याच्या खाली चौरस मीटरला २५० किलोचा माळा टांगला, तर स्लॅबच्या वाट्याला आलेली सगळी मुभा संपून वर शंभर किलो जास्तीचे! शिवाय स्लॅब बहुधा साडेचार-पाच इंचांचा. त्यात खालून भोक पाडताना सळई लागते, विजेचा पाइप लागतो, आणि फास्टनर, म्हणजे भोकात घट्ट बसवलेला बोल्ट, कायम ओढ खात राहतो. ओढ खाणारा फास्टनर सैल झाला तरी खालून कळत नाही. थेट सुटल्यावरच कळतं. त्यामुळे माझं मत ठाम आहे: सामानाचं वजन खांबांवरून कोब्यात, म्हणजे जमिनीवरच्या काँक्रीटच्या थरात, उतरलं पाहिजे. भिंतीचं काम फक्त माळा हलू न देण्याचं. स्लॅबला हात लावायचा नाही.

दुसरा लोकप्रिय मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींना अँगल ठोकून त्यावर चौकट ठेवायची. भिंत नऊ इंची पक्क्या विटांची असेल तर हलक्या माळ्याला चालून जातं. पण आरसीसी सांगाड्यातली साडेचार इंची भिंत ही फक्त आडोसा असते, आणि नव्या बांधकामांतल्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमध्ये साधा फास्टनर धरतच नाही, भोकाभोवतीचा ब्लॉक भुगा होतो. आपली भिंत कुठली आहे हे बोट वाजवून सांगता येत नसेल तर कोपऱ्यात सहा मिलिमीटरचं एक भोक पाडा. लाल पूड आली तर वीट, पांढरी-करडी आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर ब्लॉक, ड्रिल किंचाळायला लागलं तर काँक्रीट.

मापं घेऊन बोलू. गॅरेज आतून १० फूट रुंद, १८ फूट खोल, स्लॅबच्या खालपर्यंत उंची साडेदहा फूट. गाडी नाक पुढे करून आत येते. मागच्या भिंतीला लागून ६ फूट खोल आणि पूर्ण १० फूट रुंद माळा करायचा, म्हणजे ६० चौरस फूट, साडेपाच चौरस मीटरच्या थोडं वर. हा भाग गाडीच्या बॉनेटवर येतो, त्यामुळे खांब दारांच्या आड येत नाहीत. खाली डोकं न वाकवता वावरायला ७ फूट सोडले, चॅनल आणि प्लायचे मिळून पावणेसहा इंच गेले, तर वर तीन फूट उरतात. तीन फुटांत माणूस उभा राहत नाही, गुडघ्यांवर रांगतो. सामानाला तेवढी जागा भरपूर झाली. गॅरेजची उंची नऊ फुटांच्या खाली असेल तर माळ्याचा नाद सोडावा. भिंतीलगत स्लॉटेड अँगलचे रॅक जास्त उपयोगी पडतात आणि निम्म्या खर्चात होतात.

शटरचा ड्रम विसरू नका. वर गुंडाळल्यावर तो फूट-सव्वा फूट जागा खातो. मागे माळा असेल तर प्रश्न येत नाही, पण माळा शटरकडच्या बाजूला करायचा मोह होतो (तिथे उतरवायला सोपं म्हणून) आणि मग स्प्रिंग बदलायला आलेला माणूस हात कुठून घालायचा म्हणून डोकं खाजवत बसतो.

परवानगीचं थोडक्यात. आपल्याकडच्या विकास नियंत्रण नियमांत लॉफ्ट म्हणजे दोन मजल्यांमधली, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची, फक्त साठवणीची जागा. त्याहून उंच केलं, कायमचा जिना लावला, खिडकी पाडली, की तो पोटमजला म्हणून बघितला जातो आणि एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतं याचा, विषय निघतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांना लागू आहे. मंजूर नकाशात गॅरेज पार्किंग म्हणून दाखवलं आहे का ते काढून बघा आणि आपल्या आर्किटेक्टला एकदा विचारा. रो-हाउस सोसायटीत असेल तर सोसायटीचं पत्र घ्या. एक गोष्ट मात्र नियमात असो-नसो, करायची नाही: माळ्यावर ड्रायव्हरला किंवा कामगाराला झोपायला देणं. खाली गाडी चालू राहिली तर एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड बंद गॅरेजात साठतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्याला काहीच कळत नाही.

सांगाडा

पुढे आणि मागे एकेक आडवा सी-चॅनल (इंग्रजी ‘सी’च्या आकाराची लोखंडी तुळई), दोन्ही टोकांना खांब, म्हणजे चार पायांचं टेबल. दोन चॅनलच्या मध्ये, पुढून मागे, चौकोनी पाइप. त्यावर प्लाय.

वजन चौरस मीटरला २५० किलो धरलं तर पूर्ण माळ्यावर सामान १,४०० किलोच्या आसपास येतं; पाइप-प्लायचं स्वतःचं चौरस मीटरला २५ किलो वेगळं. मधले पाइप ५०×५० मिलिमीटर, २.९ मिलिमीटर जाड, १६ इंचांवर एक. या हिशेबाने पूर्ण भारात पाइप मध्यभागी चार मिलिमीटर वाकतो, तेवढं ठीक आहे. फॅब्रिकेटर हमखास सुचवतो ते ४०×४०. मोडत तोही नाही, पण त्याच वजनाला नऊ मिलिमीटर झोळ देतो. प्लाय हलायला लागतो, स्क्रू ढिले होतात, आणि तीन-चार पावसाळ्यांनी वर चढलं की माळा कुरकुरतो. त्याहून वाईट म्हणजे बाजारातला ‘दोन एमएम’ पाइप कित्येकदा दीडच्या आसपास निघतो. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) खिशात ठेवा आणि कापलेल्या टोकाला लावा. रंग चढल्यावर काहीच कळत नाही. मजुरी किलोवर ठरली असेल तर माल वजनकाट्यावरून आणायचा आणि पावती बघायची.

१६ इंच का? कारण आठ फुटी प्लाय सोळा-सोळा इंचांच्या सहा भागांत बरोबर बसतो, जोड आपोआप पाइपवर येतो. दहा फुटांत असे नऊ पाइप लागतात, शेवटचा जरा जवळ येतो.

पुढचा आणि मागचा चॅनल १२५ चा, म्हणजे पाच इंची. शंभरचाही चालतो. पूर्ण भारात तो मध्यभागी आठ मिलिमीटर वाकेल, दहा फुटांच्या अंतराला हे मर्यादेत आहे. १२५ चा मात्र साडेतीनच वाकतो. दोन्ही मिळून लोखंड वीस-बावीस किलो जास्त जातं. त्या पैशांत मिळणारा फरक बघता शंभरच्या नादी लागू नये.

चॅनलची सपाट पाठ आतल्या बाजूला, पाइपकडे ठेवायची. ही बारीक गोष्ट वाटते, पण पाइप त्या पाठीला काटकोनात चिकटतो, त्याच्या खाली ४०×४०×५ अँगलचा दोन इंची तुकडा आधाराला बसतो, आणि पाइपचा माथा चॅनलच्या माथ्याशी सपाट राहतो. अँगलचा तुकडा आधी वेल्ड करायचा, पाइप त्यावर टेकवायचा, मग तिन्ही बाजूंनी वेल्ड. तुकडा न घालता नुसता टोकाला वेल्ड मारला की सगळं वजन त्या वेल्डवर. घाईत मारलेल्या वेल्डमध्ये आत पोकळी राहिली असेल तर ती बाहेरून दिसत नाही. आणि चॅनलवर पाइप नुसते आडवे ठेवले तर उंचीतले दोन इंच गेले, जे साडेदहा फुटांत परवडत नाहीत. पाठ आत गेल्यामुळे पुढच्या चॅनलचं तोंड गाडीकडे येतं. त्या खाचेत एलईडी बॅटन छान लपते.

खांब ७२×७२, ३.२ मिलिमीटर. प्रत्येक खांबावर पूर्ण भारात ४०० किलोच्या आसपास वजन येतं. एवढं पेलणं या खांबाला कठीण नाही. अडचण असते ती खांबाच्या खाली.

खांबाखाली काय आहे

पुण्यातल्या गॅरेजची जमीन म्हणजे मुरुमाचा भराव, त्यावर सोलिंग (दगडांचा थर), त्यावर चार इंची कोबा, वर पार्किंगच्या टाइल्स किंवा शहाबादी. भराव नीट चोपलेला नसेल, किंवा खाली काळी माती असेल, तर कोबा मध्येच अधांतरी राहतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची जमीन तिच्यासोबत वरखाली होते. तपासायला जड किल्ली किंवा हातोडीचं टोक घेऊन खांबाच्या जागी टकटक करा. भरीव आवाज आला तर बरं. ‘डब्ब’ वाजलं तर टाइलखाली पोकळी आहे. मग टाइल काढून कोब्यावर वाजवा. कोबाही डब्ब वाजला तर तिथे छोटा पाया हवाच.

टाइलवर बेसप्लेट ठेवायची नाही, कितीही चकाचक दिसली तरी. ग्राइंडरने खांबाच्या जागेपुरती टाइल कापून काढायची आणि १५०×१५०×८ मिलिमीटरची प्लेट थेट कोब्यावर, खाली नॉन-श्रिंक ग्राउटचा, म्हणजे सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाचा, पातळ थर देऊन बसवायची. चार कोपऱ्यांना एम-१२ चे, म्हणजे १२ मिलिमीटर बोल्टचे, फास्टनर. कोबा चार इंचांहून कमी निघाला किंवा पोकळ वाजला तर दीड बाय दीड फूट, एक फूट खोल खड्डा, तळ धुमसून, त्यात एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. एका खड्ड्याला साधारण अर्धी गोणी सिमेंट लागतं. सात दिवस पाणी मारायचं, आणि त्याआधी त्यावर खांब उभा करायचा नाही. फॅब्रिकेटरला हे सात दिवस फार डाचतात. त्याला बजावून ठेवा.

फास्टनर बसवताना तीन चुका ठरलेल्या. भोकातली धूळ फुंकत नाहीत. धुळीवर फास्टनर घसरतो, पंपाने किंवा पातळ नळीने फुंकून ती काढायची. भोक कडेच्या फार जवळ घेतात, मग कोबा कडेने तडकतो. आणि भिंतीतल्या आरसीसी कॉलमला फास्टनर मारताना प्लास्टरची जाडी खोलीत मोजतात. प्लास्टर पाऊण इंच असेल तर तेवढं भोक फुकट. सत्तर-ऐंशी मिलिमीटर मोजायचे ते प्लास्टर सोडून, काँक्रीटच्या आत.

हलू नये म्हणून

चार पायांचं टेबल सरळ वजन पेलतं, पण बाजूने ढकललं की डुलतं. शिडीवर माणूस चढताना, वर जड खोकं सरकवताना आणि रिव्हर्सऐवजी पहिला गिअर पडून बंपर खांबाला टेकतो तेव्हा ही बाजूची ढकल येते. भूकंपातही तेच. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या नकाशात पुणे तिसऱ्या विभागात आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का इथेही चांगलाच जाणवला होता. म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्याजवळ भिंतीला ५०×५०×६ अँगलचा एकेक जोड. कॉलम असेल तर एम-१२ चा फास्टनर, विटेत केमिकल (रसायनाने चिकटणारा) फास्टनर जाळीदार नळीसह, एएसी ब्लॉकमध्ये आरपार बोल्ट आणि बाहेरच्या बाजूला चार इंची प्लेट. बाहेरच्या भिंतीत आरपार बोल्ट घेतला तर प्लेटमागे सीलंट भरा, नाहीतर पहिल्याच पावसात आतल्या भिंतीवर ओघळ. पुढच्या दोन खांबांना वर फूटभराची तिरकी नळी मारली की डुलणं जवळपास संपतं.

खांबांना छातीच्या उंचीपर्यंत पिवळी-काळी पट्टी आणि जमिनीवर रबरी व्हील-स्टॉपर. स्टॉपरची जागा गाडी प्रत्यक्ष उभी करून ठरवायची, बंपर आणि मागची भिंत यांत दीड फूट सोडून. पुढे गाडी बदलली की परत मोजायची.

वेल्डिंग

शक्य तेवढं काम वर्कशॉपमध्ये करून घ्या. चौकटीचे भाग तयार करून आणायचे आणि जागेवर बोल्टने जोडायचे. घर बदललं तर माळा सुटून सोबत येतो हा फायदा आहेच. मोठा फायदा गॅरेजमध्ये ठिणग्या कमी उडण्याचा. जागेवर वेल्डिंग करावंच लागलं तर गाडी, स्कूटर, थिनरचे डबे सगळं बाहेर. गाडी ताडपत्रीखाली झाकून आतच ठेवणं ही चूक फार महाग पडते. ठिणगी ताडपत्रीला भोक पाडते आणि विंडस्क्रीनच्या काचेत बारीक काळा ठिपका होऊन बसते, तो घासून निघत नाही.

पाइपला अडीच मिलिमीटरचा रॉड, चॅनलला ३.१५ चा. जाड रॉडने पातळ पाइप वेल्ड केला की तो जळून भोक पडतं आणि मग ते भोक लांबी (पुट्टी) भरून लपवलं जातं. रंग देण्याआधी प्रत्येक जोड स्लॅग (वेल्डवरचं काळं कवच) ठोकून काढून बघायचा. पाइपची उघडी टोकं पत्र्याने बंद करून घ्या, नाहीतर आतून गंज चढतो आणि झुरळांची वसाहत होते. जुलै-ऑगस्टमध्ये घासलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत तांबूस होतं, तेव्हा रेड ऑक्साइड त्याच दिवशी मारायचा, दोन हात. वर ऑइलपेंटचे दोन. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलं तर सगळ्यांचीच चिडचिड कमी होते.

प्लाय

१८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आयएस ७१० चा शिक्का असलेला. साधा एमआर (फक्त ओल सोसणारा), म्हणजे आयएस ३०३ वाला, कपाटाच्या आत ठीक असतो. गच्चीच्या स्लॅबखाली, पावसाळ्यात दमट राहणाऱ्या गॅरेजात तो कडेने फुगतो. पार्टिकल बोर्ड तर घेऊच नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये भाव करताना फक्त ‘मरीन’ या शब्दावर विसंबू नका, शिक्का आणि आयएस क्रमांक स्वतः वाचा. वाळवीचा त्रास असलेल्या घरात सिमेंट बोर्ड सुचवतात. त्याला वाळवी लागत नाही, आगही लागत नाही, पण जड वस्तूचा कोपरा आदळला तर तो तडकतो आणि गुडघ्याखाली निसरडा वाटतो.

६० चौरस फुटांना ८×४ चे दोनच प्लाय पुरतात, पण कापणी डोकं लावून करावी लागते. वरच्या पापुद्र्याच्या रेषा पाइपांना आडव्या हव्यात, तरच प्लायची पूर्ण ताकद मिळते. पहिला प्लाय अख्खा, मागच्या भिंतीला लागून, लांबी १० फुटांच्या दिशेने. दुसरा उभा चिरून २×८ च्या दोन पट्ट्या. एक पट्टी पुढे, पहिल्या प्लायला समांतर. आता उजव्या टोकाला दोन फूट रुंद, सहा फूट लांब जागा उरते. दुसऱ्या पट्टीचे २×२ चे चार तुकडे करा. तीन तुकडे रेषांची दिशा सांभाळून तिथे बसतात, एक उरतो. दुकानातला सुतार एकच २×६ चा तुकडा आडवा टाकून मोकळा होतो. दिसायला सलग, पण रेषा पाइपांच्या दिशेने गेल्या की तेवढा भाग मऊ पडतो आणि नेमका तिथेच कुणीतरी जड बॅटरी ठेवतो. प्लायच्या ज्या जोडाखाली पाइप येत नाही, तिथे दोन पाइपांमध्ये ४०×४० चा आडवा तुकडा द्यायचा.

स्क्रू सेल्फ-ड्रिलिंग, चपट्या माथ्याचे, ४० मिलिमीटरच्या आसपास. कडेला सहा इंचांवर, मध्ये फुटावर. कापलेल्या सगळ्या कडांना वार्निश किंवा प्रायमर पाजा, पाणी तिथूनच आत शिरतं. बोहरी आळीत स्क्रू किलोवर घेतलात तर दोन-चार घरी ओलसर फडक्यात रात्रभर ठेवून बघा, सकाळी माथा तांबडा झालेला दिसला तर परत करा.

कठडा आणि शिडी

तीन फूट उंचीच्या माळ्यावर माणूस उभा राहत नाही, त्यामुळे पूर्ण उंचीच्या कठड्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. दीड-दोन फुटांचा आडवा पाइप पुरे. पण त्याच्या खाली प्लायच्या कडेला चार इंची पट्टी, ती सोडायची नाही. सामान पडतं ते पाइपावरून नाही, खालच्या फटीतून घरंगळून. आणि खाली बॉनेट असतं.

शिडी सुटी, वर दोन हुक असलेली. हुक चॅनलच्या कडेवर बसवलेल्या आडव्या नळीत अडकले पाहिजेत. शिडी नुसती चॅनलला टेकवली तर गुळगुळीत टाइलवर तिचा पाय सरकतो. उतार चारास एक: माळा साडेसात फुटांवर असेल तर शिडीचा पाय चॅनलपासून जेमतेम दोन फूट बाहेर. पायऱ्या फुटावर एक, पायांना रबर. शिडीच्या दोन्ही बाजूंना कठड्याच्या खांबावर उभी हँडल लावा. शिडीवरून माळ्यावर सरकायच्या क्षणी धरायला हाताला काहीतरी लागतं आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तिथेच काही नसतं.

एका हातात खोकं घेऊन शिडी चढायची नाही. खालचा देतो, वरचा घेतो. एकट्याने करायचं असेल तर घिरणी. इथे एक हिशेब लोकांच्या लक्षात येत नाही: एका साध्या घिरणीवरून ३० किलोची बॅग दोराने ओढली, तर घिरणीच्या हुकावर ६० किलो येतात, बॅगचे तीस आणि आपल्या ओढीचे तीस. झटका दिला की त्याहून जास्त. म्हणून हुक प्लायला किंवा कठड्याला नको. पुढच्या खांबाला वेल्ड केलेल्या छोट्या बाहीला असावा.

काय ठेवायचं, कुठे ठेवायचं

पुस्तकांचं एक मध्यम खोकं, ३० बाय ४० सेंटिमीटर तळाचं, भरल्यावर वीस-बावीस किलो होतं. तेवढ्या जागेवरचं वजन चौरस मीटरला १६५ ते १८५ किलो झालं. त्यावर दुसरं ठेवलं की आपली २५० ची मर्यादा ओलांडली. एखादा थप्पा चालतो, कारण शेजारी मोकळी जागा असते. पण मागची अख्खी भिंत छतापर्यंत रद्दी आणि पुस्तकांनी भरली तर गणित पार चुकतं. जड सामान खांबांच्या आणि चॅनलच्या जवळ, हलकं मध्ये. मागचे तीन फूट वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंचे: मखर, आकाशकंदील, गाद्या, ट्रेकचं सामान. शिडीवरून हात पोचतो तेवढे पुढचे अडीच फूट रोजच्यासाठी.

पाण्याने भरलेलं पिंप, गॅस सिलिंडर, पेट्रोल, थिनर, रंगाचे उघडे डबे वर नकोत. खाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होत असेल तर चार्जिंगच्या बरोबर वर फोमच्या गाद्या किंवा थर्माकोल ठेवू नका. थर्माकोलच्या मखरांवर राज्यात २०१८ पासून बंदी आली, तरी जुनं मखर माळ्यावरून उतरवायला कुणाचा हात उचलत नाही! चार्जिंगचा पॉइंट शटरच्या बाजूला हलवता आला तर उत्तम. पावडरचं अग्निशामक शटरजवळच टांगा. माळ्याखाली आग लागली तर तिथपर्यंत जाऊन ते काढणं शक्य नसतं. माळ्यावरच्या दिव्याची वायर पाइपातून, बटण खाली, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या स्लॅबखालची हवा भट्टीसारखी तापते. फोटोंचे अल्बम, मेणबत्त्या, औषधं, कॅसेट तिथे ठेवायच्या नसतात. पावसाळ्यात पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात आणि उंदरांना निमंत्रण देतात, झाकणाचे प्लास्टिक क्रेट बरे. मागच्या भिंतीपासून चार इंच सोडून सामान लावा, म्हणजे ओल आली तर दिसेल तरी.

वापरायच्या आधी

सिमेंटच्या किंवा वाळूच्या ५० किलोच्या १४ गोण्या, म्हणजे अर्धा भार, माळ्यावर सारख्या पसरा. पुढच्या चॅनलच्या दोन टोकांना आधी दोरा ताणून बांधा आणि मध्यभागी दोरा ते चॅनल अंतर पट्टीने मोजा. गोण्या चढल्यावर पुन्हा मोजा. १२५ च्या चॅनलला मध्यभागी दीड-दोन मिलिमीटरच फरक यायला हवा. चार-पाच आला तर कुठेतरी काहीतरी चुकलंय: जोड सरकलाय किंवा हलक्या वजनाचा चॅनल माथी मारलाय. बेसप्लेटभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा आणि गोण्या रात्रभर तशाच असू द्या. सकाळी प्लेट रेघेच्या खाली दबलेली दिसली तर तो खांब काढून पाया करा. गोण्या उतरवल्यावर चॅनल पुन्हा मूळ जागी आला पाहिजे.

पुढच्या चॅनलवर रंगाने लिहून टाका: ‘एकूण १,४०० किलो, माणूस धरून’. आणि पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पाना घेऊन बोल्ट तपासा, बेसप्लेटच्या कडेचा गंज खरवडून बघा, प्लायच्या मागच्या कडेवरून हात फिरवा.